गवती चहाचा ठोंब नव्या जागी न्यायचाय, कसा जगवू?

माहीमची_सून
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, जूनअखेर जागा खाली करायची आहे. बाकी सामानाचं होईल काहीतरी, माझा जीव गॅलरीतल्या गवती चहात अडकलाय. सासूबाईंनी तो लग्नानंतर केळव्याहून, त्यांच्या माहेरच्या विहिरीजवळून आणलेला. तेलाच्या डब्यात लावलाय. डबा गंजून दोनदा बदलला, ठोंब तोच.

सकाळी आधण ठेवलं की त्या तीन पाती कापायच्या, एकत्र गाठ मारायच्या आणि आल्याबरोबर पाण्यात सोडायच्या. दूध नंतर. पावसात भिजून कोणी आलं की त्याच पाती, पुदिना आणि गूळ, बिनदुधाचा. त्या गेल्या त्याला वर्ष झालं.

दिवाळीपासून ठोंब मधोमध पिवळा पडलाय. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं. नव्या जागेला गॅलरी नाही, उत्तरेच्या खिडकीला ग्रिल आहे तेवढंच. मिस्टर म्हणतात, दादरला जुडी मिळते, कशाला ओझं? मला तोच हवाय. डबा आहे तसा नेऊ का? तुळशीचंही सांगा, तिचं खोड पार लाकूड झालंय.

परसदार_विक्रोळी
ताई, तोच हवा म्हणताय ते अगदी योग्य आहे. गवती चहाला आपल्याकडे सहसा फुलोरा येतच नाही, म्हणून बी नाही. तो फुटव्यांवरच पुढे जातो. म्हणजे तुमच्या डब्यात आहे तो केळव्याच्या विहिरीजवळचाच, त्याची मुलंबाळं नव्हेत. तुळशीचं उलट. ती दोन-तीन वर्षांत थकते, तिला धरून ठेवू नका. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा, बी ओल्या मातीवर भुरभुरवा, वर मातीचा पातळ थर पुरे.

आता ठोंब. रोग वगैरे काही नाही, मुळांनी डबा भरलाय. माती उरलीच नाही तर पाणी थांबणार कुठे? डबा आहे तसा नेलात तर पावसाळाही काढणार नाही. आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. सकाळी डबा आडवा करून ठोंब ओढून काढा, पत्रा गंजलाय तर सरळ कापा. पाती वीतभर ठेवून छाटा. फुलबाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर हातभर ओरखडे येतील. मग सुरीने फुटवे सोडवा, प्रत्येकाला थोडं मूळ हवं. मधला वाळका गड्डा टाकून द्या, जगतात ते कडेचे. निम्मी माती, निम्म्यात शेणखत आणि वाळू. कुंडी बारा इंची. आठ-दहा दिवस सावली, मग ऊन.

खरी अडचण तुमची खिडकी आहे. याला पाच-सहा तास ऊन लागतं. उत्तरेला जगेल, पण पात बारीक होईल आणि वास उतरेल. म्हणून सगळे फुटवे एका घरात ठेवू नका. उन्हाची गॅलरी असलेल्या दोन-तीन घरी द्या, म्हणजे तुमचा गेला तरी मागून आणता येईल. तुमच्या ग्रिलमध्ये पुदिना आणि पानओवा लावा, ते कमी उन्हात भागवतात.

फोर्टकर
आमच्या मजल्यावरच्या गुजराती वहिनी याला 'लीली चा' म्हणतात, पुदिन्याच्या जुडीबरोबरच घेतात. लिंबासारखा वास येतो तो सिट्रालमुळे, तेलात तेच सगळ्यात जास्त असतं. पाती वाळवायच्या असतील तर सावलीतच वाळवा, उन्हात वास उडतो.

आणि कुंड्यांना कोणी ओझं म्हणालं तर सांगा, या गावाला हा नाद जुना आहे. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने 1554च्या सुमारास मुंबई बेट खंडाने घेतलं होतं. आजच्या टाउन हॉलमागे त्याचं घर आणि बाग. आपल्याकडच्या औषधांवर त्याने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. हिंग, आलं, वेलची, सगळं त्यात आहे. टाउन हॉलवरून जाताना मला दर वेळी ती बाग आठवते.

माहीमची_सून
रविवारी केलं. मिस्टरांनीच पत्रा कापला. अकरा फुटवे निघाले! चार खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिले, त्या मुलाकडे वसईला चालल्यात, तिथे अंगण आहे. तीन नणंदेला, दोन वॉचमनकाकांना, दोन माझ्याकडे.

डब्याच्या तळाशी भोकावर कौलाचा तुकडा होता, मुळांनी घट्ट धरलेला. मंगलोरी कौल. माहीमच्या आमच्या बिल्डिंगला कौलं कधीच नव्हती. त्या केळव्याहूनच घेऊन आल्या असणार. धुऊन नव्या कुंडीच्या भोकावर तोच ठेवलाय.

पहिली पात कधी कापू?

परसदार_विक्रोळी
गणपती होईपर्यंत कात्री लावू नका. नवी पात हातभर झाली की बाहेरच्या बाजूची घ्या, मधल्या कोंबाला हात नको. आणि पावसात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.