घराबाहेरचा आकाशकंदील, गुढी, पाट्या आणि एचओएची पत्रं : तुमचेही अनुभव लिहा

सांजवात
काल कपाट आवरताना २०१८ सालचं एचओएचं (म्हणजे इथे अमेरिकेत वसाहतीचे नियम ठरवणाऱ्या घरमालकांच्या संघाचं) पत्र हाती लागलं आणि सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. क्राफ्टच्या दुकानातून बांबूच्या काड्या आणून, मैद्याची खळ शिजवून त्यांनी आकाशकंदील केला. पांढऱ्या झिरमिळ्या तर कात्रीने एकेक कापलेल्या. पोर्चवर टांगला आणि तिसऱ्या दिवशी पत्र हजर, सोबत कंदिलाचा फोटो. सणाची रोषणाई थँक्सगिव्हिंगच्या आधी चालणार नाही, उतरवा, नाहीतर दंड. मी काही बोलायच्या आत बाबांनीच स्टूल घेतलं, कंदील उतरवला, झिरमिळ्या सारख्या करून खोक्यात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. मला आजही ते आठवलं की घशाशी येतं.

मग मी मिटिंगला गेले. सोबत फक्त तारखा नेल्या. लक्ष्मीपूजन २०१८ ला ७ नोव्हेंबर, २०१९ ला २७ ऑक्टोबर, २०२० ला १४ नोव्हेंबर. कितीही उशिरा आलं तरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपतं. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, २२ च्या आत येतच नाही. म्हणजे त्या नियमात आपली दिवाळी एकाही वर्षी बसणार नव्हती! हे त्यांच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या वर्षी वाक्य बदललं : कुठलाही सण, ३० दिवस आधीपासून १५ दिवस नंतरपर्यंत. तुमच्याकडे काय झालं?

कामटी_आणि_कागद
बाबांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. कंदील आहे का अजून?

डॅलसकर
आम्ही टेक्सासात, आमचं प्रकरण तोरणाचं. इथे २०११ च्या कायद्याने दारावर धार्मिक वस्तू लावायची मुभा दिली खरी, पण सगळं मिळून २५ चौरस इंच. म्हणजे पाच बाय पाच. आंब्याचं एक पान उभं धरलं तरी बाहेर जाईल, तोरण कुठलं बसतंय? २०२१ ला ती मर्यादा काढली, आणि आता दारच नाही, आपल्या जागेत कुठेही लावता येतं. कॉमन जागेत मात्र नाही, आणि सुरक्षेला धोका नको. पत्र आलं तर घाबरून उतरवू नका, आधी आपल्या राज्याचा कायदा वाचा. आम्ही दोन वर्षं नुसतं घाबरून तोरण आतल्या बाजूने लावत होतो.

मावशी_मिसूरी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमच्या सेंट लुईसजवळच्या लेड्यू गावची केस इथे पुष्कळांना माहीत असते. १९९० ला मार्गारेट गिलेओ बाईंनी आखाती युद्धाविरुद्ध अंगणात पाटी रोवली. एक गायब झाली, दुसरी कुणीतरी पाडली. तक्रार केली तर उत्तर काय, की गावात अशा पाट्यांना बंदीच आहे. मग त्यांनी वरच्या मजल्याच्या खिडकीत साध्या टाइपिंगच्या कागदाएवढी पाटी लावली, शांततेची. १९९४ ला सुप्रीम कोर्टात नऊच्या नऊ न्यायाधीश बाईंच्या बाजूने! पण हे नगरपालिकेपुरतं हं. एचओए खाजगी, घर घेताना आपण कागदावर सही केलेली असते, तिथे हा निकाल सहसा कामी येत नाही. शिट्ट्या झाल्या, जाते.

डॅलसकर
मावशी, बरोबर. पण इथे निवडणुकीच्या पाटीचं वेगळं आहे. मतदानाच्या ९० दिवस आधीपासून १० दिवस नंतरपर्यंत एचओएला ती अडवता येत नाही. हिने गेल्या खेपेला स्कूल बोर्डाच्या उमेदवाराची लावली होती. नागरिक झाल्यावरचं पहिलं मतदान, रोज संध्याकाळी पाटी सरळ आहे ना ते बघून यायची.

चैत्रपालवी
आमची गुढी! खिडकीला वेळूची काठी, वर कलश, जरीचं खण. समोरच्या आजी विचारायला आल्या, त्यांना कडुनिंब-गूळ दिला. आठवड्याने पत्र आलं की परवानगीशिवाय ध्वजस्तंभ उभारलाय, काढून टाका. सूर्यास्तालाच उतरवली होती हो. त्या आजींनीच बोर्डाला फोन करून सांगितलं, हा यांचा नववर्षाचा एक दिवस आहे. आता पाडव्याला त्या सकाळीच येतात.

ठाण्यातून
इकडेही कमी नाही बरं. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी ठराव, सगळ्यांचे कंदील एकसारखे, एकाच रंगाचे. दिसायला छान दिसतं, पण माझा मुलगा दरवर्षी घरी करतो, तो हिरमुसला. शेवटी सेक्रेटरी काकांनी गेटवर त्याचा लावू दिला. जिन्यातल्या पणत्या बंद केल्या ते मात्र मला पटलं, शूरॅकला लागून ठेवायचे लोक.

कामटी_आणि_कागद
@ठाण्यातून, मुलाला शाबासकी सांगा. कागद कुठला वापरतो? आमच्याकडे पतंगी कागद मिळत नाही, टिश्यू पेपर खळ लावला की फाटतो.

ठाण्यातून
खळ गार होऊ द्या, आणि कागदाला नाही, काडीला लावा.

सांजवात
@कामटी, आहे गं कंदील. २०१९ ला नियम बदलला तेव्हा बाबा साताऱ्याला परतले होते. तोच बाहेर टांगला आणि पोर्चवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. म्हणाले, "डावीकडची एक झिरमिळी सुटलीय, चिकटव."

मावशी_मिसूरी
आले परत. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची माझी आई, कीड लागत नाही. लहान मुलांचे हात मात्र लांब ठेवा.