खारेपाटातली जमीन, बंदिस्ती फुटलेली आणि वरून प्लॉटिंगचा भराव, आराखड्यात हरकत नक्की कशाची घ्यायची?

खारेपाटवाला:
नमस्कार मंडळी, आमचं गाव पेण तालुक्यात खाडीकडेला, म्हणजे खारेपाटात. तीन वर्षांपूर्वी उधाणाला खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला (बंदिस्तीला) खांड पडली, म्हणजे तो फुटला, अर्ज देऊन देऊन थकलो पण ती बुजली नाही, आता खालच्या सव्वा एकरात गुडघाभर तिवरं (खारफुटी) उभी आहेत. वरच्या अंगाला कोणी बाहेरच्या माणसाने शेतं घेऊन मातीचा भराव टाकला, त्यात ओहोळाचं तोंड बुजलं आणि यंदा रहू (मोड आलेलं भाताचं बी) टाकला तो पाच दिवस पाण्याखाली राहून कुजला. खालून खारं पाणी आणि वरून गोडं, आम्ही मधे. आता सगळीकडे नव्या आराखड्यांची चर्चा चालू आहे, घरात भाऊ म्हणतो झोन बदलून मागू आणि विकून मोकळे होऊ. मला शेती ठेवायची आहे. सुरुवात कुठून करू?

बांधावरून:
दादा, आधी नगररचना ऑफिसमधून सर्व्हे नंबर टाकून झोन दाखला काढा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. मुंबई महानगर प्रदेशाचा प्रादेशिक आराखडा 2021 ला मंजूर झालाय आणि पेणचा बराच भाग त्यात येतो. शिवाय 2024 मध्ये उरण, पनवेल, पेणमधल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) नवनगर प्राधिकरण नेमलंय, तुमचं गाव त्या यादीत आहे का ते बघा, कारण त्यावर हरकत कुठे द्यायची ते ठरतं. दुसरं म्हणजे सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) 1:4000 चा नकाशा, त्यात सर्व्हे नंबर दिसतात.
तिवरांना हात लावू नका. हायकोर्टाचा 2018 चा निकाल खाजगी जमिनीलाही लागू आहे, वर तिवरांभोवती 50 मीटरचा राखीव पट्टा (बफर). पण सातबारा तुमचाच राहतो, आणि खारं पाणी अडवायचं बांधकाम सीआरझेडमध्ये परवानगीने करता येतं. जुन्या सातबाऱ्यांवरची पीकपाण्याची नोंद काढून ठेवा, खांड पडायच्या आधी तिथे भात होतं हे त्यानेच सिद्ध होईल.

नीलिमा_अलिबाग:
भावा, ओहोळाचं आधी बघ, तिथे मुदत आहे. मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट 1906 कलम 5 खाली शेताच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत, म्हणून आजच तारीख शोध आणि फोटो काढ.
आमच्याकडेही असंच झालं होतं. माझे बाबा उघाडीवर (बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर) बसून काठीला खुणा करायचे, ओहोटीला तिची झापं कधी उघडली, पाणी किती बोटं उतरलं, भरतीला कधी मिटली. आपली शेतं भरतीच्या पातळीखाली, पावसाचं पाणी बाहेर जायला दिवसातून दोनच ओहोट्या मिळतात. वरच्या शेतात पाणी थांबायचं ते भरावामुळे सगळं एकदम खाली येतं आणि उघाडीला तेवढा वेळच नसतो. आराखड्यात नुसता हिरवा रंग दाखवतात, ओहोळ, उघाडी, बांध यातलं काहीच नसतं. हरकत त्याचीच घे. गावनकाशावर सगळे ओहोळ निळ्या पेनने काढा, ग्रामसभेचा ठराव जोडा, पोच घ्या.

रोहन८८:
वाईट वाटून घेऊ नका पण तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाही. अटल सेतू झाल्यापासून भाव कुठे गेलेत बघा, एकरभर खाऱ्या भातात वर्षाचं घर चालत नाही. पोरं शेतात उतरणार आहेत का?

बांधावरून:
रोहन, पैशाचं खरं आहे. पण एकाने भराव केला की खालच्या दहा जणांची शेती जाते, मग ते विकतात ते राजीखुशीने नाही. आणि वरची शेतं भरल्यावर पाणी गावठाणातच शिरणार.

खारेपाटवाला:
ताई, भराव मार्चअखेर पडलाय, म्हणजे मुदत संपत आली, उद्याच तहसीलला जातो. पूर्वी बांधाला घरटी एक माणूस जायचा, आजी सांगायची. रविवारी चारपाच घरांना घेऊन निदान खांडीचं माप काढतो, फोटो इथेच टाकतो. जमीन परत मिळाली तर खारं उतरायला किती पावसाळे लागतील आणि पनवेल-3 या खाऱ्या जमिनीतल्या भाताचं बियाणं कोणाकडे आहे का तेही सांगा.