रिसॉर्टची मेंबरशिप: ठेवलीत, सोडलीत, की फाइल अजून माळ्यावरच?

गच्चीवरची
दिवाळीआधी काढायचा राहिलेला माळा परवा रविवारी काढला आणि ती फाइल सापडली. चॉकलेटी, सोनेरी अक्षरांची, आतून मखमल. आमच्या लग्नाच्या अल्बमलासुद्धा एवढा थाट नव्हता. २०१० साली सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात आम्ही दोघं 'नुसतं ऐकून येऊ' म्हणून गेलो आणि पावणेतीन लाखांवर सही करून बाहेर पडलो. पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री, रेड सीझन (म्हणजे मागणीचा हंगाम), वन बेडरूम. टाइमशेअर म्हणतात याला.

फाइलच्या खिशात सासूबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली. 'तांदूळ १ किलो, मूगडाळ पाव, गोडा मसाला पुडी, तेल छोटी बाटली, पापड, सांडशी (तिथली पकडत नसेल).' कूर्गची, २०१२ ची. त्या जन्मात पहिल्यांदा हॉटेलात राहिल्या. किचनेटमधल्या मायक्रोवेव्हवर रुमाल घालून देव मांडले होते त्यांनी. बाहेर बुफे चालू असायचा आणि आम्ही आत पापड भाजतोय. शेजारच्या युनिटमधलं नाशिकचं कुटुंब वासावर आलं ते जेवूनच गेलं. २०१९ ला गेल्या त्या.

आणि नेमका याच आठवड्यात कंपनीचा मेल. किचनेट 'सुरक्षेच्या कारणास्तव' बंद. शुक्रवार-शनिवारची रात्र दीड रात्र धरणार. उरलेल्या रात्री आधी तीन वर्षं पुढे नेता यायच्या, आता एकच वर्ष. नाश्ता गेला तो मागच्याच वर्षी. परदेशातल्या रिसॉर्टशी अदलाबदलीची सोय होती, तिचे आता वेगळे पैसे. आणि एएमसी, म्हणजे वर्षाची देखभाल फी! २०११ ला साडेनऊ हजार होती. यंदा २४,५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,९१०. महिनाअखेरपर्यंत भरायची. अजून दहा वर्षं आहेत.

नवरा म्हणतो सोडून दे. मी म्हणते एवढे पैसे घातलेत. तुमच्याकडे काय झालं, सांगा.

चहाटळ
ते सगळं ठीक. सहीवरचा फुकट डिनर सेट मिळाला का?

गच्चीवरची
मिळाला की. बत्तीस नगांचा म्हणाले होते. चमचे धरून बत्तीस.

पौडफाटा
आमचाही तोच! सुपाची वाडगी कुंड्यांखाली ठेवलीत.

पेट्रोल पंपावर एका मुलाने फॉर्म भरून घेतला, तीन दिवसांनी फोन, 'सर तुमचं लकी ड्रॉमध्ये नाव आलंय, मॅडमना घेऊन या'. मॅडमशिवाय गिफ्ट नाही. तिथे हॉलभर गोल टेबलं, मोठ्याने गाणी, आणि कुणी सही केली की घंटा वाजवून टाळ्या. आपण टाळ्या न वाजवता बसलो की उगाच अपराधी वाटतं. मी म्हटलं करार घरी नेऊन वाचतो, तर 'हा भाव फक्त आजचा'. तेवढ्यात बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं 'घ्या' म्हणतेय. ती 'उठा' म्हणत होती. चौदा वर्षं यावर भांडतोय.

आळशी_अनारसा
पाय दाबला 😂😂 ऑफिसच्या बसमध्ये हसतेय, लोक बघतायत

निवृत्त_पण_व्यस्त
ताई, बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून आगाऊपणा करतो. २०१० चे पावणेतीन लाख विसरा. ठेवलीत तरी गेले, सोडलीत तरी गेले. हिशेब पुढच्या पैशांचा करायचा.

एएमसी ९,५०० वरून २४,५०० झाली, चौदा वर्षांत. म्हणजे वर्षाला साधारण ७ टक्के. याच चालीने २०३५ पर्यंत ती अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात जाते. दहा वर्षांचं सगळं मिळून, जीएसटीसकट, जवळजवळ चार लाख. मुळात भरले त्याहून जास्त तुम्हाला अजून भरायचेत! नवऱ्याशी भांडायचं तर या चार लाखांवर भांडा.

दुसरं. शुक्रवार-शनिवार दीड-दीड, म्हणजे तीन. बाकी पाच रात्री. झाल्या आठ. सात रात्रींच्या मेंबरशिपमध्ये आता सलग सात दिवस राहताच येत नाही, लक्षात आलं का? नुसते वीकेंड धरलेत तर वर्षात दोन वीकेंड आणि एक सुटी रात्र. पाच रात्रींना २८,९१०, म्हणजे रात्रीला ५,७८२. वर नाश्ता आपला.

गच्चीवरची
काका, आठ?? हे मी बोटांवर मोजून बघितलं आत्ता. बरोबर आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

लिंबूसरबत
एक बावळट प्रश्न. टाइमशेअर डिमॅटमध्ये दिसतो का?

चहाटळ
दिसतो. रेड सीझनमध्ये.

बाणेरवासी
सगळे एकाच सुरात रडताय म्हणून वेगळं लिहिते. आमची आहे आणि आम्हाला परवडली. दोन मुलं, सासू-सासरे, एकूण सहा माणसं. बाहेर दोन खोल्या घ्याव्या लागतात, इथे एका टू बेडरूममध्ये सगळे. बुकिंगची खिडकी उघडते त्या रात्री नवरा बारा वाजता गजर लावून बसतो. मे महिना आणि ख्रिसमस मिळतच नाही, तो नाद सोडलाय. जूनचा शेवट किंवा जानेवारी, सोमवार ते शुक्रवार. मुलं लहान तोवर शाळेला दांडी मारून जमलं. आता मोठा दहावीत गेलाय, तेव्हा दोन वर्षं खोली रिकामी आणि एएमसी चालू असं होणार. ते दुखतंय हे खरं.

आणि किचनेट बंद झालं याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. थालीपीठाची भाजणी घेतल्याशिवाय मी कात्रज ओलांडत नाही.

आळशी_अनारसा
भाजणी कुठून घेता? पूर्वी कुमठेकर रस्त्यावर एक काकू द्यायच्या, आता दुकान दिसत नाही

बाणेरवासी
घरची गं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे. प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, इथे धागा भरकटेल.

चहाटळ
धागा आधीच हुबळीला पोचलाय, इथेच टाका.

मी_माझी_मी
बाबांची होती. ते गेल्यावर तेराव्याच्या आतच एएमसीचा मेसेज आला, त्यांच्याच नावाने, 'डिअर सर, युअर हॉलिडे अवेट्स'. आईच्या फोनवर. ती दोन दिवस तो मेसेज उघडून बघत होती.

नंतर नावावर करून घ्यायला गेलो तर मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, ट्रान्सफर फी, आणि आधीच्या दोन वर्षांची थकबाकी व्याजासकट. भाऊ म्हणाला सोड. मला सोडवेना, कारण मनालीला बाबांनी बर्फात बसून खाल्लेला चिवडा वगैरे. भरले. त्यानंतर एकदाच गेलो. त्यांच्याशिवाय ती खोली फार मोठी वाटली. पुढच्या वर्षी भरले नाहीत.

गच्चीवरची
अगं. काय बोलू.

मी_माझी_मी
काही नको बोलूस. चिठ्ठी मात्र जपून ठेव, शाई उडते. मी बाबांच्या सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत.

सह्यवेडा
ज्यांना विकायचीय त्यांनी आधी हे वाचा. माझ्या सासऱ्यांना फोन आला, 'तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, साडेचार लाख देतोय, फक्त एनओसीचे १८,००० आधी भरा'. भरले. मग 'टॅक्स क्लिअरन्स'चे आणखी १८,०००. मग फोन बंद. त्या माणसाकडे सासऱ्यांचा मेंबर नंबर, सीझन, थकबाकी सगळी माहिती होती, म्हणून विश्वास बसला. विकून देणारा आधी पैसे मागतोय म्हणजे चोर, बाकी काही तपासायची गरज नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. आम्ही अकरा दिवसांनी केला. तोवर खातं साफ.

पौडफाटा
मलाही तो फोन दर महिन्याला येतो. मी सांगतो, तुमचे १८ हजार त्या साडेचार लाखांतून कापून घ्या, उरलेले मला द्या. लगेच ठेवतात.

ओहायोची_सून
भारतातल्या पंचवीस वर्षांना नावं ठेवू नका हो. इकडे अमेरिकेत बऱ्याच टाइमशेअरना शेवटच नसतो, घरासारखा दस्त होतो आणि मेंटेनन्स फी आयुष्यभर मागे. नणंदेने ऑर्लँडोला फुकट तिकिटांच्या आमिषाने सही केली, रात्रभर झोपली नाही. फ्लोरिडात सहीनंतर १० दिवसांत लेखी रद्द करता येतं, तेवढ्यावर वाचली. पत्र टाकायला पोस्टात आम्ही तिघी गेलो होतो, वरातीसारख्या.

तीन_चाकी
इकडेही आहेत मार्ग, फक्त लोक करार वाचत नाहीत. माझ्या करारात दहा दिवसांत रद्द करायचं कलम होतं. मला ते सहाव्या वर्षी सापडलं.

मग ग्राहक आयोगात गेलो. 'नियम बदलले' एवढ्यावर नाही, कारण नियम बदलायचा हक्क त्यांनी करारात बारीक अक्षरात घेऊन ठेवलेला असतो. मी सलग चार मे महिने बुकिंग मागितलं, चारही वेळा 'उपलब्ध नाही' आलं, आणि त्याच तारखांना त्याच रिसॉर्टची खोली बाहेरच्या साइटवर पैसे देऊन मिळत होती. त्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवले. केस त्यावर उभी राहिली. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील सक्तीचा नाही, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. नुसती चौकशी करायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अडीच वर्षं गेली, निम्मे पैसे आले. ज्या दिवशी आले त्या दिवशी बिर्याणी.

ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली याच पुण्यात सुरू केली, आणि आपण डिनर सेटवर सह्या करतोय. असो.

गच्चीवरची
स्क्रीनशॉट मी कधी काढलेच नाहीत. दर वेळी 'नाही मिळालं' म्हणून चिडायचं आणि गणपतीपुळ्याला जायचं.

आणि एएमसी नुसतीच भरली नाही तर? सिबिल खराब होतं का? नवऱ्याचं होमलोन चालू आहे.

निवृत्त_पण_व्यस्त
मेंबरशिप बँकेच्या कर्जावर किंवा कार्डाच्या हप्त्यांवर घेतली असेल तर ते हप्ते अजिबात थकवू नका, ते कर्जच आहे. तुमचे तर कधीच फिटले. एएमसी म्हणजे कर्ज नव्हे, पण थकली तर व्याज किती आणि किती वर्षांनी सभासदत्व रद्द होतं, हे करारात शोधा. गप्प बसून थकवू नका. सोडतोय असं लेखी कळवा आणि पोच घ्या.

जाता जाता: सप्टेंबर २०२५ पासून हॉटेलच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. तुमच्या एएमसीवर १८.

अर्धा_डझन_हापूस
आम्ही सोडली आणि आता दर वर्षी दिवेआगर. वाडीतलं घर, अंगणात झोपाळा, काकू उकडीचे मोदक करून वाढतात, दुसरा घेतला नाही तर रागावतात. एएमसी नाही, सीझन नाही. शुक्रवारची रात्र एकच रात्र असते.

सह्यवेडा
ताम्हिणीने जाता का? पावसात रस्ता कसा होता यंदा?

अर्धा_डझन_हापूस
ताम्हिणीनेच. माणगावला थोडी गर्दी. ऑगस्टमध्ये धबधब्यांपाशी गाड्या आडव्यातिडव्या लावतात, पहाटे पाचला निघा.

आळशी_अनारसा
काकूंचा नंबर प्लीज! आणि त्या आपल्याला त्यांच्या स्वयंपाकघरात काही करू देतात का? माझ्या मुलाला फक्त मऊ भात चालतो

अर्धा_डझन_हापूस
व्यनि केलाय. अगं भात त्याच करून देतात, वर तूप.

गच्चीवरची
काल रात्री दोघांनी करार वाचला. मखमलीच्या फाइलमधून पंधरा वर्षांत पहिल्यांदा. सरेंडरचं कलम आहे, पान सतरावर. सगळी थकबाकी शून्य असली पाहिजे, आणि परतावा काही नाही. म्हणजे यंदाची एएमसी भरून सोडायची की न भरता सोडायचं म्हणून कळवायचं, यावर घरात आता नवीन भांडण. साठलेल्या नऊ रात्री आहेत, त्या मार्चच्या आत संपवायच्या. कूर्ग मिळतंय, मंगळवार ते शुक्रवार. बुक केलं. पत्राचा मसुदा कूर्गहून परत आल्यावर लिहीन, तीन_चाकी, तुम्हाला दाखवीन आधी.

तीन_चाकी
जरूर. आणि बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आत्ताच.

गच्चीवरची
काढला 🙂

पौडफाटा
किचनेट बंद, मग देव कुठे मांडणार?

गच्चीवरची
मायक्रोवेव्ह ठेवलाय म्हणे त्यांनी.

चहाटळ
यादीतली सांडशी घेऊन जा मात्र.

गच्चीवरची
ती २०१२ लाच तिथे राहिली. सासूबाईंना हुबळीला आठवलं, गाडी वळवा म्हणाल्या. यांनी वळवली नाही. पुण्यात आल्यावर तुळशीबागेतून दुसरी आणली.

चहाटळ
मग?

गच्चीवरची
पकडत नाही.