व्याख्यानांचा उपयोग: एक पाहिलेली गोष्ट

सांगलीत मानवी हक्कांवरच्या व्याख्यानांना तेच ते शिकलेले लोक येतात, मग उपयोग काय, असं काही जण विचारतात. मला हे पटत नाही. मागच्या खेपेला जतहून एसटीने आलेल्या एक आजी तिसऱ्या रांगेत होत्या, मांडीवर पिशवीत कोर्टाची नोटीस. व्याख्यान देणाऱ्या वकीलबाई घटनेच्या कलम ३९-अ वर, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीवर, बोलत होत्या तोवर आजी गप्प. मग वकीलबाईंनी सांगितलं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आजी उठूनच उभ्या राहिल्या, "म्हंजे वकिलापायी रान इकाय नको?" शेजारच्या पोराने नोटिशीच्या पाठीमागे १५१०० हा कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन नंबर ठळक लिहून दिला.

ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, बसतंय, सांगली-साताऱ्याची मुंबईची खेप वाचली. फार मोठी गोष्ट आहे ही. पण तालुक्याच्या कोर्टातच ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, तो कोल्हापूरपर्यंत पोचणार कसा? म्हणून आयोजकांना विनंती, पुढचं व्याख्यान जत किंवा आटपाडी अशा तालुक्याच्या गावी ठेवा, आठवडी बाजाराच्या दिवशी. सतरंज्या आणि माईकचं मी बघते.