सर्व्हरच्या डिस्का काढल्या. शहाणपणा की खुळेपणा?

उद्यमबागकर:
आमच्या कारखान्याशेजारी फौंड्री. तिची काळी भुकटी सर्व्हरच्या खोलीपर्यंत येते, आणि वर्षाला एखादी हार्डडिस्क बसतेच. शेवटी पाचही सर्व्हरच्या डिस्का काढून टाकल्या. आता सगळं वरच्या ऑफिसात, एसीतल्या स्टोरेजवर. सर्व्हर चालू झाला की पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट व्हायची सोय) डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, आयपी घेतो, टीएफटीपी या फाइल देणाऱ्या सेवेवरून आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम उचलतो आणि आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडायच्या पद्धतीने, स्टोरेजवरची आपली डिस्क जोडून उठतो. गेल्या गुरुवारी एकाचा मदरबोर्ड गेला. पडून असलेलं तसलंच जुनं मशिन लावलं, डीएचसीपीत मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) बदलला, चहा येईपर्यंत काम सुरू. पूर्वी अख्खा दिवस जायचा. माझं मत, छोट्या कारखान्यांनी हेच करावं.

निपाणीवाला:
एका खुंटीला पाच म्हशी बांधल्यात तुम्ही. खुंटी उपटली की? शिवाय 1 गिगाबिटच्या वायरीतून सेकंदाला जेमतेम 110-115 एमबी जाणार, तेही पाचांत वाटून. साधी साटा एसएसडी एकटी 500 देते, आणि तिला भुकटीचं भय नाही, आत फिरणारं काही नसतंच. प्रत्येकात दोन लावून मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तेच, विषय संपला.

उद्यमबागकर:
ओएसला लागतं किती हो? एकदा उठला की डिस्क निवांतच. आणि अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) घेतो, बिघडलं तर पाच मिनिटांत कालच्यावर. मिररमध्ये बिघाडसुद्धा दोन्हीकडे उतरतो.

निपाणीवाला:
स्नॅपशॉटचं मान्य. पण त्या स्टोरेजचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलायचं तर पाचही बंद करावे लागणार. कधी करता?

उद्यमबागकर:
खंडेनवमीला. पूजेसाठी मशिनं बंदच असतात.

निपाणीवाला:
म्हणजे वर्षातून एकदा. धन्य!

खानापूरचा पाऊस:
मी तीन वर्षं असंच चालवतोय, तेव्हा उद्यमबागकरांच्या बाजूने. पण ठेचा खाल्ल्यात. पहिली ठेच: स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री (वायरींचा फेरा होऊ न देणारी तपासणी) चालू. पोर्ट सुरू व्हायला 30 सेकंद लागतात, तेवढ्यात सर्व्हर डीएचसीपीची वाट बघून दमतो. पोर्टफास्ट लावा, पोर्ट लगेच सुरू होतो. दुसरी मोठी. जुलैत पाण्याने स्विचचा अडॅप्टर गेला, दुसरा आणेपर्यंत दहा मिनिटं. स्विच आला, सर्व्हरना पिंग लागतोय, पण लॉगिन काही होईना. लिनक्समधला आयस्कझी मुळात 120 सेकंदच थांबतो, मग वरच्या फाइल सिस्टिमला सांगतो की डिस्क गेली. तिने स्वतःला रीड-ओन्ली (फक्त वाचायचं, लिहायचं नाही) करून घेतलं होतं. सगळे हार्ड रीबूट. तेव्हापासून रिप्लेसमेंट टाइमआउट (डिस्क परत यायची वाट बघायचा वेळ) 86400 सेकंद आणि दोन्ही नूप (जोडणी जिवंत आहे का ते बघणाऱ्या तपासणीचे आकडे) शून्यावर, म्हणजे बंद ठेवलेत. ओएसचीच (रूट) डिस्क नेटवर्कवर असेल तर हे लागतंच. आता स्विच गेला तर सर्व्हर नुसते गप्प बसतात, परत आला की जिथं होते तिथून पुढं.

निपाणीवाला:
बघा, हे सगळं शिकायला तीन वर्षं. दोन एसएसडीला शिकायचं काय आहे?

खानापूरचा पाऊस:
होय की, दोन सर्व्हर असते तर मीही तेच केलं असतं. माझ्याकडे चौदा आहेत.

शहापूरची:
उद्यमबागकर, एक विचारू? रात्री लाईट गेली, यूपीएसही उतरला, सगळं झोपलं. सकाळी काय आधी उठतं?

उद्यमबागकर:
आधी स्विच, मग स्टोरेज, मग सर्व्हर. कागद चिकटवलाय दारावर.

शहापूरची:
आणि डीएचसीपी कुठं चालतो?

उद्यमबागकर:
जुन्या पीसीवर होता. मागच्या महिन्यात तो पीसी भंगारात दिला आणि डीएचसीपी, टीएफटीपी दोन्ही व्हर्च्युअल मशिनवर (सर्व्हरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा पीसी) हलवले.

शहापूरची:
ते व्हर्च्युअल मशिन कुठल्या सर्व्हरवर?

निपाणीवाला:
😄

उद्यमबागकर:
तिसऱ्यावर. पाचातल्याच. म्हणजे तो उठायला डीएचसीपी हवा, आणि डीएचसीपी त्याच्याच पोटात. अरे देवा. भंगारवाल्याला फोन लावतोय, पीसी फोडला नसेल तर.

खानापूरचा पाऊस:
राऊटरमध्ये डीएचसीपी असेल की, त्यात नेक्स्ट सर्व्हर आणि बूट फाइल (कुठून आणि कुठली फाइल घेऊन उठायचं ते) टाकता येते का बघा. टीएफटीपी त्या स्टोरेजवरच बसवा, बहुतेकांत सोय असते. आणि आज रात्री ढग आहेत, तेवढं उद्यावर टाकू नका.