वयापेक्षा अंगातली ताकद पाहा

‘सत्तरी उलटली की मणक्याचं ऑपरेशन नकोच’ हे मत मला पटत नाही. वयापेक्षा शरीर किती खंगलंय ते बघायला हवं. हे खंगणं, म्हणजे जर्जरता, ओळखायचे २००१ मधले फ्रीड निकष पाच आहेत: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, मुठीची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन आढळले तर जर्जरता. पण कंबरेच्या मणक्यातली, नसा जाण्याची नलिका अरुंद झाली की चाल त्या दुखण्यानेच मंदावते, म्हणून पकड आणि वजन आवर्जून तपासून घ्या.

माझ्या आईला हाच त्रास; कृषीनगरच्या चालण्याच्या ट्रॅकवर अर्धी फेरीही जमेना, पाय भरून यायचे. फिजिओथेरपिस्टने घरीच व्यायामाची सायकल सुरू करून दिली. पुढे वाकल्यावर नलिकेत जागा वाढते, त्यामुळे सायकल जमते. जेवणात डाळ, अंडी वाढवली. आता आई हात न टेकता खुर्चीतून उठते. मात्र या दुखण्यात लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.