माळरानावर फिरणाऱ्या सायकलीला ४२ दातांची चेनरिंग हवी का?

मूळ मांडणी (जुळे सोलापूर)

सोलापूरच्या आसपास डोंगर नाहीत, तेव्हा इथे माउंटन बाइकच्या चेनरिंगला (पॅडलजवळच्या दातेरी चकतीला) कसला धोका, असे मीही समजत होतो. गेल्या उन्हाळ्यात हिप्परग्याच्या तलावापलीकडच्या माळावर एक कोरडा ओढा ओलांडताना पुढचे चाक खडकाच्या पायरीवर सहज चढले, पण मागचे चाक तिथवर पोहोचण्याआधीच सायकलीचे पोट खाली आले आणि ४२ दातांची मोठी चेनरिंग सरळ काळ्या दगडावर बसली. वाकून पाहिले तर लागोपाठचे तीन दाते फ्रेमच्या बाजूला कलले होते, त्यांच्या टोकांना दगडाची राखाडी भुकटी चिकटली होती, आणि पॅडल फिरवले की नेमकी तिथेच चेन उचलली जाऊन टक्क असा आवाज येत होता. स्क्रू-पान्यात एकेक दात धरून सरळ केला आणि कसाबसा घरी आलो.

माझी सायकल २७.५ इंची चाकांची आहे. पुढे २२, ३२ आणि ४२ दात, मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच). मुरमाच्या वाटेवर, पाणंदीत किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये ४२ वर चेन टाकल्याचे मला आठवतही नाही. ३२ × ११ या गिअरवर (पुढे ३२, मागे ११ दात) मिनिटाला ८० फेरे मारले तरी ताशी ३० किलोमीटरचा वेग मिळतो, आणि माळावर त्याहून वेगाने जाण्यात शहाणपण नाही. चेनच्या दोन कड्यांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते, त्यावरून हिशेब केला तर ४२ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या साधारण ८५ मिलिमीटर येते आणि ३२ ची ६५. म्हणजे मोठी चकती काढली की सायकलीचे पोट तब्बल दोन सेंटीमीटर वर उचलले जाते. पॅडल आडवे धरून आपण पाय दगडापासून वाचवू शकतो, परंतु चेनरिंगचा तळ क्रँक (पॅडलचा दांडा) कशीही फिरवली तरी तिथेच राहतो. म्हणून माझे म्हणणे असे की इकडच्या वाटांसाठी ४२ ची चकती काढावी आणि त्याच चार बोल्टांवर बॅशगार्ड, म्हणजे दगडाचा मार झेलणारी बिनदाताची चकती, बसवावा.

प्रतिसाद (बाळे)

आपल्या हिशेबात एक बाब सुटली आहे. ३२ च्या चकतीबाहेर बसणारा गार्ड चेनच्याही बाहेर यावा लागतो, नाहीतर मार चेनलाच बसेल. त्यामुळे गार्डची त्रिज्या ७५ मिलिमीटरच्या आसपास जाते आणि आपले दोन सेंटीमीटर एकावर येतात. तेवढ्यासाठी सायकलीचे वरचे सगळे गिअर सोडून द्यावेत, हे मला पटत नाही.

आपण माळावर जाता कसे, हाही विचार करावा. माझ्या प्रत्येक फेरीत निम्म्याहून अधिक अंतर डांबरावर कापले जाते. तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. घाट चढून गेल्यावर परतीच्या उतारावर ३२ × ११ मध्ये पाय नुसते हवेत फिरल्यासारखे फिरतात, तर ४२ × ११ वर त्याच ८० फेऱ्यांत ताशी ४० चा वेग शांतपणे राखता येतो. शिवाय चेन ३२ वर असताना बाहेरची ४२ ची चकती स्वतःच गार्डचे काम करते. दाते वाकले, ते तुम्ही पान्याने सरळ केलेत आणि घरी पोहोचलात. हे त्या चकतीचे अपयश म्हणायचे की यश?

आणखी एक मुद्दा काळ्या मातीचा. मृगाचा एक पाऊस झाला की आपल्या रानातली माती कणकेसारखी होते. गार्ड आणि मधली चकती यांच्यातल्या फटीत ती एकदा दाबून बसली की चेन दातांवर नीट बसत नाही आणि काडीने उकरून काढल्याखेरीज पुढे जाता येत नाही. हे मी मित्राच्या सायकलीवर होटगीच्या बाजूला पाहिले आहे.

प्रतिसाद (मूळ लेखक)

गार्डच्या त्रिज्येबद्दल आपण केलेली दुरुस्ती मला मान्य आहे. मात्र फरक केवळ उंचीचा नाही. दाते दगडात रुततात आणि सायकल जागच्या जागी अडते, त्यामुळे स्वार पुढच्या चाकावरून पडण्याची शक्यता असते. गार्डची कड गुळगुळीत असल्याने ती दगडावरून घसरत पुढे जाते. आणि खरा घात वाकलेल्या दाताने नंतर होतो. सरळ केलेल्या तीन दातांपैकी एक दोन महिन्यांनी जोर देताना मोडला, चेन सुटली आणि माझी नडगी क्रँकवर आपटली. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर मी आता भरवसा ठेवत नाही.

प्रतिसाद (शेळगी)

आपण दोघेही तीन चकत्यांच्या जमान्यातच वाद घालत आहात. स्रॅमने २०१२ साली एक्सएक्सवन हा संच आणला, त्यात पुढे एकच चेनरिंग होती आणि तिचे दाते आळीपाळीने रुंद आणि अरुंद होते, जेणेकरून ते चेनच्या रुंद आणि अरुंद कड्यांमध्ये घट्ट बसावेत. त्याच्या जोडीला मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागात) क्लच, म्हणजे चेन सैल पडू न देणारी यंत्रणा, आला, चेनचे हिंदकळणे थांबले आणि पुढच्या डिरेलरची गरजच उरली नाही. पुढे ३२, मागे १० ते ५१ असा संच घेतला तर सर्वांत हलका गिअर (पुढचे दात भागिले मागचे दात) ०.६३ पडतो, म्हणजे आपल्या २२ × ३४ च्या ०.६५ पेक्षाही थोडा हलका, आणि वरच्या टोकाला ३२ × १० हा डांबरावरही बऱ्यापैकी चालतो.

संरक्षणच करायचे असेल तर ते फ्रेमला धरणारे असावे. क्रँकवरच्या गार्डला बसलेला धक्का क्रँकमधून थेट बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) बेअरिंगांवर जातो, तर फ्रेमच्या कानांवर (बोल्टसाठी भोके असलेल्या पुढे आलेल्या पट्ट्यांवर) बसवलेल्या खालच्या पट्टीचा धक्का फ्रेम झेलते.

प्रतिसाद (बाळे)

या पर्यायाचा खर्च पाहता का? त्यासाठी कॅसेट, चेन, डिरेलर, शिफ्टर आणि बहुधा मागचा हबसुद्धा बदलावा लागतो, आणि पट्टी बसवायला लागणारे ते कान मध्यम किमतीच्या पुष्कळ फ्रेमना नसतातच. अशा बारा गिअरच्या संचाची चेन ०.५ टक्के ताणली की बदलावी लागते; आपल्या धुळीत तो दिवस लवकर उगवतो. साध्या नऊ गिअरच्या चेनवर ०.७५ टक्क्यांपर्यंत थांबता येते.

प्रतिसाद (सात रस्ता)

माझ्या सायकलीच्या तिन्ही चकत्या रिव्हेटने क्रँकला जोडलेल्या आहेत, त्यामुळे इथला एकही उपाय मला लागू पडत नाही. मागचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा जुन्या पद्धतीचा चकत्यांचा संच) १४ ते २८ दातांचे आहे. काय करावे?

प्रतिसाद (मूळ लेखक)

रिव्हेट असतील तर एकेक चकती बदलण्याच्या फंदात पडू नये, अख्खा क्रँकच बोल्टचा घ्यावा. पण आधी एक हिशेब सांगतो. आपला ४२ × १४ हा सर्वांत जड गिअर बरोबर ३.० आहे, आणि ३२ × ११ हा २.९ आहे. म्हणजे आपण आज डांबरावर ज्या गिअरवर समाधानी आहात, जवळजवळ तोच गिअर मोठी चकती काढलेल्या माझ्या सायकलीवर मिळतो. बाळे इथल्या मित्रांनीही हा आकडा पाहावा, अशी विनंती आहे. गार्ड न लावता ४२ ची चकती नुसतीच काढणार असाल तर आखूड बोल्ट आठवणीने घ्यावेत. जुने लांब बोल्ट पूर्ण आवळले तरी मधली चकती सैल राहते आणि डुगडुगते, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

चिखलाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. येत्या पावसाळ्यात मी काळ्या रानात गार्ड काढून, आखूड बोल्टांवर फक्त २२ आणि ३२ ठेवून फिरणार आहे, आणि दिवाळीनंतर ओढे आटले की गार्ड पुन्हा चढवणार आहे. तुळजापूरच्या घाटाचा उतार मी ब्रेकवर बोटे ठेवून, पॅडल न मारताच उतरतो, त्यामुळे तिथे ४२ ची उणीव मला अजून भासलेली नाही.

प्रतिसाद (बाळे)

उतारावर नसेल भासली, परंतु घाट संपल्यावर सोलापूरपर्यंतचा सपाट रस्ता आणि समोरून येणारे वारे उरतातच. वारे पाठीशी असतील त्या दिवशी एकदा माझ्याबरोबर यावे. मी ४२ वर असेन, आपण ३२ वर.